टिकी मग घरी घडवताना : मातीपासून ग्लेझपर्यंतचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

होळी झाली की माझ्या मोबाइलवर फुटक्या मगांचे फोटो यायला लागतात. परीक्षा संपतात, सुट्टी लागते, आणि जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची हौशी मंडळी माती मागवून टिकी मग करायला बसतात. टिकी मग म्हणजे बिनकानाचा, उंच, पोटावर भलामोठा चेहरा असलेला पेला. डोळे वटारलेले, दात विचकलेले, नाक फेंदारलेलं. चेहरा बहुतेकांना झकास जमतो. पुढे कुणाचा तळ तडकतो, कुणाचं नाक गळून पडतं, कुणाचं ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा वरचा लेप) ओघळून भट्टीच्या फळीला चिकटतं, आणि "ताई, भट्टीवाल्यानं बिघडवला" असा निरोप येतो.

भट्टीवाल्याचा दोष क्वचितच असतो. मग सुकतानाच बिघडलेला असतो, भट्टीत ते फक्त दिसतं. म्हणून खाली चेहरा कोरण्यावर मी थोडंच लिहिलं आहे. सगळा भर तयारी, सुकवणी आणि ग्लेझ यांवर आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे हे काम शिकायला एप्रिल-मे हा सगळ्यात वाईट काळ. पारा ४३-४४ च्या पुढे आणि हवा कोरडी ठणठणीत, अशा वेळी मगाचा काठ दोन तासांत वाळतो आणि तळ दोन दिवस ओलाच राहतो. भरताच्या वांग्यांचा हंगाम तोच मगांचा हंगाम, असं माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

## १. भट्टी आधी, माती नंतर

लोक उलटं करतात. मग तयार झाला, आता भाजायचा कुठे, असा प्रश्न घेऊन येतात. माती, ग्लेझ आणि भट्टी हे तिन्ही एकाच तापमानाचे असावे लागतात. त्यामुळे पहिला फोन भट्टी असलेल्याला करा. जवळपास पॉटरी स्टुडिओ असेल, कला महाविद्यालयात विजेची भट्टी असेल, नाहीतर नाशिक किंवा सुरतेकडे कुणी असेल. त्यांना दोनच प्रश्न विचारा : ग्लेझची भाजणी किती अंशांवर करता? आणि बाहेरच्या माणसाची माती घेता का?

खाली दिलेल्या मगासाठी मी स्टोनवेअर माती (जास्त आचेवर भाजून घट्ट होणारी) आणि १२२० अंश सेल्सियसच्या आसपासची भाजणी धरली आहे. भट्टीवाल्यांच्या भाषेत हा 'कोन सहा'. कोन म्हणजे मातीची छोटी निमुळती कांडी. ठरावीक उष्णता पोचली की ती वाकते, आणि ती वाकली की भाजणी झाली असं समजायचं.

सावध! कोन ६ आणि कोन ०६ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ०६ म्हणजे साधारण १००० अंश, ६ म्हणजे साधारण १२२०. त्या शून्याला पुरे २२० अंशांची किंमत आहे. मी पहिल्या वर्षी ०६ चं लालभडक ग्लेझ आणलं, शून्याकडे काणाडोळा केला आणि मग कोन ६ च्या भाजणीत दिला. नाकावरचं ग्लेझ हनुवटीवर, हनुवटीवरचं फळीवर. मग छिन्नीनं सोडवावा लागला, फळीचे पैसे भरले ते वेगळेच. आता बाटली घरात आली की झाकणावर मी अंशच लिहून ठेवते.

गावच्या आव्यात चालेल का? कुंभारदादांचा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातो. माठ, पणत्या, खापर यांना तेवढं पुरतं. पुरणाचे मांडे करायचं खापर चुलीवर तडकत नाही, कारण ते सच्छिद्र असतं, जाळ सोसायला त्याला वाव असतो. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे : घट्ट, पाणी न पिणारं भांडं. शिवाय आव्यात राख उडते, आच सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे ग्लेझ तिथे जमत नाही. चेहरे घडवायचा सराव करायला मात्र कुंभारवाड्याची माती आणि आवा उत्तम. त्या मगांत पेनं ठेवा, काही पिऊ नका.

## २. माती : शेतातली नको

"आमच्या शेतात इतकी चिकण माती आहे, तीच घेऊ का?" दर हंगामात चार जण तरी विचारतात. तापीकाठची काळी कसदार जमीन कापसाला आणि केळीला सोनं आहे, मगाला नाही. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्याच भेगा मगाला पडतात. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना फार आकसते. दुसरी अडचण चुनखडीची. मातीतला ज्वारीच्या दाण्याएवढा चुनखडीचा खडा भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, नंतर हवेतलं बाष्प ओढून फुगतो, आणि भाजून आठवडा झालेल्या मगाचा टवका उडवतो.

म्हणून पहिले दहा मग तरी पिशवीतली तयार स्टोनवेअर माती वापरा. एका मगाला पाऊण किलो लागते, हाताशी एक किलो ठेवा. पिशवी उघडली की तोंड सुतळीनं घट्ट बांधा आणि सावलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलीत तर आठवड्यात दगड होईल.

आकसण्याची पट्टी. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग "पेला इतका लहान कसा झाला" म्हणून कपाळाला हात लावतात. मातीची बोटभर रुंद पट्टी लाटा, तिच्यावर दाभणानं बरोबर १० सेंमीची रेघ ओढा, सुकवा, मगासारखीच दोन्ही वेळा (एकदा कच्ची असताना, दुसऱ्यांदा ग्लेझच्या भाजणीत) भाजून घ्या आणि रेघ मोजा. ८.८ सेंमी भरली तर माती १२ टक्के आकसते. स्टोनवेअरला हा आकडा नेहमीचा आहे.

बारा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही आकसतात, त्यामुळे आतली जागा जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होते. ओला असताना ५३० मिली मावणारा मग भाजल्यावर ३६० मिलीचा होतो. खाली दिलेली मापं हा हिशेब करूनच दिली आहेत.

## ३. सामान

- ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप, हातभर. खानदेशात हा विकत घ्यावा लागला तर नवल. कुठल्याही मळ्यात विहिरीजवळ तुकडे पडलेले असतात. कापलेली कड पॉलिश पेपरनं घासून घ्या.
- ८ मिमी जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, लाटणं, जुनी सुती साडी
- दाभण, जुना टूथब्रश, पातळ पात्याची सुरी, स्पंज, वर्तमानपत्र
- स्वयंपाकघरातला वजनकाटा (ग्रॅम दाखवणारा), मोजपट्टी
- प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याची फवारणी बाटली
- दोन बादल्या

लाटणं एकदा मातीला लागलं की मातीचंच. पोळ्यांसाठी दुसरं घ्या. दोन बादल्यांचं कारण असं, की मातीचे हात मोरीत धुतले तर महिन्याभरात नळी तुंबते. हात बादलीत धुवा, रात्रभर गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला, गाळ परत मातीत.

## ४. मळणे आणि लाटणे

माती बट्टीच्या पिठापेक्षा जराशी सैल हवी. बोटानं दाबली की खळगा पडावा, पण बोटाला चिकटू नये. ओट्यावर तळहातांनी पुढे ढकला, अर्धी वळवा, परत ढकला. पन्नास-साठ वेळा. मधेच तारेनं कापून बघा : कापलेल्या तोंडावर मोहरीएवढी भोकं दिसली तर अजून मळा. हवेच्या बुडबुड्यानं मग भट्टीत फुटतो असं सगळीकडे सांगतात. तो फुटतो मुख्यतः आत राहिलेल्या ओलीच्या वाफेनं. बुडबुड्याचा त्रास वेगळा आहे, तिथे भिंत फुगते आणि कमकुवत होते.

साडी पसरा, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवा, मधे माती ठेवून लाटणं पट्ट्यांवर टेकेपर्यंत लाटा. एकाच दिशेनं लाटू नका. दर चार-पाच फेऱ्यांनी माती उचलून पालथी करा आणि काटकोनात फिरवा. उचलताना साडीसकट उचला. हातानं एक कोपरा धरून उचललेली माती वाकल्याचं 'लक्षात ठेवते', आणि भट्टीत तीच बाजू पुन्हा वाकते.

लाटलेली माती तासभर झाकून ठेवा. हिवाळ्यात दीड तास.

तपासा : पोळीसारखी उचलली तर ती लोंबू नये, आणि वाकवली तर भेग पडू नये. लोंबली तर थांबा. भेगाळली तर फवारा मारून अर्धा तास झाका.

## ५. नळकांडं उभं करणे

इथे एक हिशेब चुकतो, आणि तो इतक्या जणांचा चुकतो की आकड्यांनिशी लिहिते. पाइपाचा व्यास ७५ मिमी, म्हणून परीघ साडेतेवीस सेंमी. लोक मातीची पट्टी साडेतेवीसची कापतात, गुंडाळतात, आणि टोकं जुळत नाहीत. ओढून जुळवतात, मग ती सांध सुकताना उघडते. मातीला जाडी असते! ८ मिमी जाडीच्या पट्टीसाठी परीघ जाडीच्या मध्यावर मोजायचा, तो भरतो २६ सेंमी. मी २८ कापते, गुंडाळते, आणि जास्तीची जागेवरच कापून टाकते.

१. पाइपाभोवती वर्तमानपत्राचे दोन वेढे सैलसर घाला. चिकटपट्टी कागदाला कागद जोडायला वापरा, पाइपाला लावू नका.

२. मातीची २८ बाय १२ सेंमीची पट्टी कापा. दोन्ही आखूड कडा तिरक्या कापा, म्हणजे एकावर एक बसतील.

३. दोन्ही तिरक्या कडा टूथब्रशनं खरवडा आणि त्यावर चिखल लावा. चिखल म्हणजे त्याच मातीचा दह्याएवढा दाट घोळ. वाटीभर घोळात चमचाभर व्हिनेगर घातलं तर सांध जास्त धरते. नुसत्या पाण्यानं चिकटवू नका.

४. गुंडाळा, दाबा, सांध आतून-बाहेरून बोटानं एकजीव करा. आतली बाजू पाइप काढल्यावर.

५. तळासाठी ९.५ सेंमीची चकती कापा. नळकांडं तिच्यावर ठेवा, खरवडून, चिखल लावून जोडा. आतल्या कोपऱ्यात शेवेएवढी बारीक वळकटी बसवून बोटानं दाबा. तळ गळतो तो बहुतेक वेळा याच कोपऱ्यातून.

सावध! पाइप वीस मिनिटांत काढा. नळकांडं स्वतःच्या पायावर उभं राहिलं की लगेच. माती आकसते, पाइप आकसत नाही. दुपारी गुंडाळून "संध्याकाळी बघू" म्हणालात तर संध्याकाळी उभी चीर बघाल.

पाइप गोल फिरवत वर ओढा. कागद आतच राहिला तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी सुटून येतो, आणि राहिलाच तर भट्टीत जळून जातो.

## ६. चेहरा

आता एक रात्र पिशवीत. सकाळी माती नव्या साबणाच्या वडीसारखी झालेली असते : सुरीनं स्वच्छ कापली जाते, हाताच्या दाबानं आकार बिघडत नाही. चेहरा याच अवस्थेत. लोक ओल्या नळकांड्यावरच नाक चिकटवतात, त्याच्या वजनानं भिंत आत बसते. नाहीतर पूर्ण सुकल्यावर चिकटवतात, आणि ते गळून पडतं. नाकाची माती आणि भिंतीची माती सारखीच ओली असली पाहिजे. त्यासाठी नाक, भुवया, ओठ आदल्या दिवशीच वळून त्याच पिशवीत ठेवा.

- कोरीव रेघ ३ मिमीपेक्षा खोल नको. भिंत ८ मिमीची आहे.
- गाल फुगवायचे असतील तर आतून चमच्याच्या पाठीनं ढकला. वरून माती थापू नका.
- नाक जाड असेल तर मागून पोखरून घ्या. कुठलाही भाग बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नको. पोखरलेली जागा बंद होत असेल तर दाभणानं नाकपुडीतून भोक पाडा, वाफ तिथून बाहेर पडते.
- काठापासून दोन सेंमी जागा गुळगुळीत सोडा. तिथे ओठ लागणार आहेत.

कपाळावर पोत हवा असेल तर केळीचं पान मिळवा. मधल्या दांड्याला लागून असलेला तुकडा कापा, पालथा ठेवून लाटण्यानं अलगद दाबा. शिरांच्या समांतर रेघा इतक्या स्वच्छ उठतात की पुढे ऑक्साइड (खाचांना काळपट रंग देणारी पूड) बसायला त्यांच्याइतकी चांगली जागा नाही. हे मात्र पट्टी गुंडाळण्याआधी, सपाट असतानाच करायचं.

चेहरा कसला करावा हा तुमचा प्रश्न. मूळ टिकी हे पॉलिनेशियातल्या लोकांचे पूर्वज आणि देव, त्यांची हुबेहूब नक्कल मी करत नाही. आपल्या खानदेशच्या कानबाई देवीचा मुखवटा कुणी सरबताच्या पेल्यावर काढला तर आपल्याला कसं वाटेल, एवढाच माझा विचार. शेजारचे काका, चिडलेलं मांजर, भरताचं वांगं असे चेहरे खूप आहेत.

## ७. सुकवणे

दहा फुटलेल्या मगांतले सात इथे फुटलेले असतात, असा माझा अंदाज आहे.

काठ आणि नाक उघड्यावर असतात, ते आधी वाळतात. तळ फळीला टेकलेला असतो, तो ओला राहतो. वाळलेला भाग आकसला, ओला आकसला नाही, की चीर. म्हणून लवकर वाळणाऱ्या भागाला आवरायचं आणि उशिरा वाळणाऱ्याला मोकळं करायचं.

पहिले दोन दिवस मग पूर्ण पिशवीत, पिशवी रोज उलटी करून आतलं पाणी पुसा. तिसऱ्या दिवशी मग पालथा घाला, काठाखाली वर्तमानपत्र, तळ वर, आणि पिशवीला वरून हाताएवढं भोक. नाकावर ओलसर कापडाची चिंधी. पाचव्या-सहाव्या दिवशी पिशवी काढा, मग जाळीवर ठेवा. थंडीत एकूण आठ ते दहा दिवस लागतात. पावसाळ्यात दोन-तीन आठवडेही जातात, तेव्हा घाई करून गॅसजवळ ठेवू नका.

सावध! कूलर. उन्हाळ्यात केलाच मग, तर कूलरच्या झोतात कधीही ठेवू नका. कूलरची हवा गार आणि दमट, मग सुरक्षित, असं वाटतं. पण झोत एकाच बाजूला लागतो, आणि मग त्या बाजूला कलतो. मे महिन्यात मी मग पत्र्याच्या डब्यात झाकण टेकवून, घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवते. तरी तिनातला एक जातोच.

तपासा : मग गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. ही जुनी परीक्षा चांगली आहे, पण थंडीत फसवते, तेव्हा सगळंच गार लागतं. त्यापेक्षा वजनकाटा बरा. रोज एकाच वेळी वजन लिहा. ७०० ग्रॅमचा ओला मग उतरत उतरत साडेपाचशेच्या आसपास येतो. सलग दोन दिवस वजन हललं नाही की सुकला.

## ८. पहिली भाजणी

थालीपिठाची नव्हे! कच्च्या मगाला सुमारे १००० अंशांपर्यंत भाजून घेतात, त्याला बिस्क म्हणतात. मग कडक होतो, पण पाणी पीत राहतो, आणि ग्लेझ त्यामुळेच धरतो.

भट्टी दुसऱ्याची असेल तर तुमचं काम फक्त वाहतुकीचं. कच्चा सुका मग बिस्किटाहून ठिसूळ असतो. मी एकदा चार मग टॉवेलात गुंडाळून, पिशवी मांडीवर घेऊन बसनं नेले. उतरले तेव्हा दोन मग आणि दोन मगांचा भुगा होता. चूक माझीच, टॉवेल मऊ असला तरी मग एकमेकांना लागत होते. आता प्रत्येक मग वेगळ्या खोक्यात, भोवती थर्माकोलचा चुरा, मगाच्या आत मात्र काही कोंबत नाही. आतून दाब आला तर काठ जातो.

स्वतःची भट्टी असेल तर क्रम असा ठेवा : ९५ अंशांवर दोन-तीन तास, झाकणाची फट उघडी. तिथून ६०० पर्यंत तासाला १०० अंश. पुढे १००० पर्यंत तासाला १५०. शंभराच्या आसपास उरलेली ओल जाते, ३५० ते ६०० मध्ये मातीच्या रचनेतलं पाणी जातं, आणि ५७३ अंशांना मातीतली गारगोटी एकदम फुगते. उतरताना तिथेच ती आकसते. हा टप्पा चढताना आणि उतरताना सावकाश ओलांडायचा.

मधेच वीज गेली तर झाकण उघडू नका. बिस्कमध्ये वीज आल्यावर जिथे तापमान उतरलं असेल तिथून पुढे चालू करा, बहुधा काही बिघडत नाही.

भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडायची नाही. मुलं मागे लागतात, आपणही डोकावतो. डोकावू नका.

## ९. ग्लेझची तयारी

बिस्क झालेला मग ओल्या स्पंजनं पुसा आणि एक दिवस वाळू द्या. त्यानंतर तळ धरूनच उचला. डोक्याला तेल लावलेल्या हातानं किंवा शेवभाजी खाऊन नुसते पुसलेल्या हातानं मग धरला, की बोटांचे ठसे भट्टीतून टक्कल होऊन बाहेर येतात. तेल किंवा धूळ असेल तिथून ग्लेझ मागे सरतं.

आतल्या ग्लेझबद्दल, आणि इथे तडजोड नको. या मगांत लिंबू सरबत, कैरीचं पन्हं, मोसंबीचा रस, ताक असलंच काही ओतलं जाणार. सगळं आंबट. आंबट पेय कच्च्या ग्लेझमधले धातू ओढून घेतं. म्हणून आत फक्त खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी म्हणून विकलं जाणारं, शिसं नसलेलं, तुमच्या भाजणीच्या तापमानाचं पारदर्शक किंवा पांढरं ग्लेझ. रंगांची हौस बाहेरून भागवा. लाल रंगासाठी कुणी शेंदूर सुचवला तर हात जोडा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड.

ग्लेझची पूड स्वतः कालवणार असाल तर एन-९५ मास्क लावा. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. खाली सांडलेली पूड झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. मातीच्या सुक्या चुऱ्यालाही हेच लागू.

तपासा : ग्लेझ ८० नंबरच्या जाळीतून गाळून घ्या आणि बरोबर १०० मिली मोजून त्याचं वजन करा. १४० ते १५० ग्रॅम भरलं तर बुडवायला योग्य. जास्त भरलं तर पाणी घाला. कमी भरलं तर रात्रभर बसू द्या आणि वरचं पाणी काढा. "ताकाएवढं पातळ" हे माप मी सोडून दिलं, कारण प्रत्येकाच्या घरचं ताक वेगळं.

## १०. ग्लेझ लावण्याचा क्रम

१. तळाला मेण. मेणबत्ती वाटीत, वाटी गरम पाण्यात, असं वितळवून ब्रशनं तळाला आणि तळापासून ५ मिमी वरपर्यंत लावा. थेंब चेहऱ्यावर पडला तर तिथे ग्लेझ बसणार नाही. मेण खरवडून निघत नाही, मग पुन्हा बिस्कच्या भाजणीत टाकावा लागतो.

२. कोरीव रेघांत ऑक्साइड. टिकी मगाचा तो जुनाट, लाकडी रंग इथून येतो. एक चमचा लाल आयर्न ऑक्साइड, एक चमचा पारदर्शक ग्लेझ, अर्धा कप पाणी. बाहेरच्या चेहऱ्यावर सगळीकडे फासा, रेघांत नीट जाऊ द्या, वाळलं की ओल्या स्पंजनं वरवर पुसा. भुवया, नाक, ओठ उजळ होतात, खाचा काळपट राहतात. स्पंज दर पुसणीला धुवा, नाहीतर चेहरा नुसता मळकट दिसतो. ऑक्साइड पॉटरीच्या दुकानातलं घ्या. फरशीत घालायचा हार्डवेअरमधला लाल रंग भेसळीचा असतो, त्याचा भरवसा नाही.

३. आत आधी. निम्मा मग ग्लेझनं भरा, तिरका करून काठापर्यंत फिरवा, ओतून टाका. सगळं मिळून चार-पाच सेकंद. ओतताना मग फिरवत राहा.

४. रात्रभर थांबा. भिंत आतून पाणी प्यायलेली असते. लगेच बाहेरून लावलं तर ग्लेझ धरत नाही, घसरतं. या थांबण्याचा कंटाळा सगळ्यांना येतो.

५. बाहेर. ब्रशनं लावायचं ग्लेझ असेल तर तीन हात : एक उभा, एक आडवा, एक उभा, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. बुडवायचं असेल तर तीन सेकंद, एकदाच. खालच्या तृतीयांशात थर पातळ ठेवा, कारण वितळलं की ते खालीच येणार.

६. तळ पुसा. मेणावर राहिलेले ग्लेझचे थेंब स्पंजनं एकेक टिपून काढा. फळीला चिकटतो तो मग बहुधा अशाच एका थेंबानं.

तपासा : थराची जाडी दाभणानं ओरखडून बघा. एक ते दीड मिमी पुरे. खाचांत जास्त साचलं असेल तर वाळल्यावर बोटानं घासून कमी करा, मास्क लावूनच.

पहिल्यांदा वापरत असलेलं ग्लेझ असेल तर मगाखाली बिस्क केलेल्या मातीची पातळ चकती ठेवायला सांगा. ओघळ आलाच तर चकती जाईल, भट्टीवाल्याची फळी वाचेल आणि पुढच्या वेळी तो फोन उचलेल.

## ११. दुसरी भाजणी झाल्यावर : दोष ओळखणे

ग्लेझ मागे सरून उघडी माती दिसते : तेल, धूळ किंवा फार जाड थर. टाचणीच्या टोकाएवढी भोकं : बिस्क घाईत झाली, वायू ग्लेझमधून बाहेर पडले. पुढच्या वेळी बिस्क सावकाश करा. खडबडीत, कोरडं ग्लेझ : तापमान पोचलं नाही किंवा थर पातळ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा : माती आणि ग्लेझ यांचं आकसणं जुळत नाही. या रेघा कधी भट्टीतून काढल्यावर दोन दिवसांनी "टिंग, टिंग" आवाज करत येतात. दिसायला सुंदर असतात, पण त्यांत रस मुरतो, तेव्हा पिण्यासाठी तो मग बाद.

पिण्याआधी प्रत्येक मगाच्या तीन परीक्षा घ्या.

पाणी. भाजलेल्या कोरड्या मगाचं वजन करा. दोन तास पाण्यात उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. ५४० ग्रॅमचा ५५० झाला तर तो १.८५ टक्के पाणी प्यायला, चालेल. तीन टक्क्यांच्या पुढे गेला तर टेबलावर ओलं कडं उमटत राहील. त्यावर वरून कुठला लेप लावून उपयोग नाही, माती पुरती पिकलेली नाही.

आंबट. आत लिंबाची फोड चिकटवून दोन दिवस ठेवा. फोडीखालचं ग्लेझ फिकट किंवा निस्तेज झालं तर मग पिण्यासाठी बाद. काही झालं नाही म्हणजे शिसं नाही असं मात्र समजू नका. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते, म्हणून तर ग्लेझ विकत घेतानाच काळजी घ्यायची.

गरम-गार. उकळतं पाणी, ओता, बर्फाचं पाणी, ओता. तीन वेळा. नंतर शाईच्या पाण्यानं आतली बाजू पुसा, रेघ असेल तर शाई धरते.

## १२. शेवटचा हात

तळ ग्लेझविना असतो आणि भाजल्यावर कानशीइतका खरखरीत होतो. तसाच ठेवलात तर सनमायकावर पहिल्याच दिवशी ओरखडा. सुरीला धार लावायचा दगड परातीत पाणी घालून ठेवा आणि मग त्यावर गोल गोल घासा, पाणी आटू देऊ नका, म्हणजे धूळ उडणार नाही. दोन-तीन मिनिटांनी धुवून मग काचेच्या तुकड्यावर ठेवून फिरवा. कर्र असा आवाज आला तर अजून घासायचा आहे.